देशमुखी : हुद्दा, वतन आणि आडनाव

प्रस्तावना

अकबराच्या दरबारातला अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना सांगतो, की उत्तरेकडे ज्याला चौधरी म्हणतात त्याला या मुलखात देशमुख म्हणतात, कानुनगोला देशपांडे, मुकादमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुळकर्णी. वऱ्हाड मोगलांच्या हाती आले ते १५९६ साली. नवा मुलूख घेतलेल्या राज्यकर्त्याने तिथल्या हुद्द्यांची आपल्या हिशेबाने ओळख पटवून घ्यावी, हे साहजिकच. पण या नोंदीतून एक गोष्ट उघड होते. हे हुद्दे मोगलांनी निर्माण केलेले नाहीत. ते आले तेव्हा ही माणसे आपापल्या जागी बसलेली होती. बहामनी सुलतानी मोडली, एलिचपूरची इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली, निजामशाहीकडून वऱ्हाड मोगलांकडे गेले, आणि देशमुख मात्र देशमुखच राहिला. आज आमच्या भागातल्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडावा, पाटील-देशमुख ही आडनावे होऊन बसलेली दिसतात. हुद्द्याचे आडनाव कसे झाले, मधल्या काळात त्या हुद्द्याने काय काम केले, कोणाला सावली दिली आणि कोणाच्या पाठीवर ओझे ठेवले, याचा शोध घेणारे लेख या पुस्तकात एकत्र केले आहेत.

हा शोध मोताळ्यातून सुरू व्हावा, असे मी आग्रहाने म्हणेन. वतनदारीवरचे आपले बहुतेक लेखन मावळातल्या बारा खोऱ्यांभोवती फिरते, फार तर साताऱ्या-कऱ्हाडापर्यंत येते. वऱ्हाडाच्या वाट्याला तळटीप. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की बालाघाट मागे पडतो, पयनघाटाची काळी जमीन सुरू होते, आणि त्या उताराखाली मोताळा लागते. आज हा स्वतंत्र तालुका आहे. पूर्वी तो मलकापूर तालुक्यात होता. खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाडा जिथे एकमेकांना भिडतात तो हा पट्टा, म्हणजे फौजांची नेहमीची वाट. तालुक्यातल्या रोहिणखेडला १४३७ मध्ये बहामनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखान फारुकीचा पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच गावाजवळ पुन्हा मोठी लढाई झाली. खुदावंतखानाने १५८२ साली बांधलेली मशीद तिथे आहे. फौज यायची, चारा-दाणा उचलायची, पुढे जायची. मागे उरलेल्या गावाला पुन्हा उभे कोणी करायचे, पळालेल्या कुळांना कौल देऊन परत कोणी आणायचे, पडीक रानात पुन्हा नांगर कोणी घालायचा? देशमुख या हुद्द्याचे खरे मूळ या प्रश्नांत आहे, असे मला वाटते. दरबारातल्या सनदा नंतरच्या.

नव्या वाचकासाठी आधी रचना सांगतो. गावाचा प्रमुख पाटील, त्याचा हिशेबनीस कुळकर्णी. अशी अनेक गावे मिळून परगणा. परगण्याचा प्रमुख देशमुख, त्याचा हिशेबनीस देशपांडे. कोकणात आणि गोव्यात देसाई, कानडी मुलखात नाडगौडा ही याच जागेची भावंडे. देशमुखाने सरकारच्या अंमलदारासमोर परगण्याचा वसूल कबूल करायचा, पाटलांकडून तो जमा करायचा, चोरी-दरोड्याचा बंदोबस्त ठेवायचा, वेळ पडली तर स्वारांनिशी हजर व्हायचे. बदल्यात वसुलातला ठरावीक हिस्सा रुसूम म्हणून, शिवाय इनाम जमीन, शिवाय हक्क-लाजिमा आणि मानपान. हे सगळे मिळून वतन. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. अर्धी पाटीलकी विकत घेतल्याचे कागद महाराष्ट्रभर सापडतात. त्यात थोरली तक्षीम कोणाची, शिक्का कोणाच्या हाती, विडा आधी कोणाला आणि शिरपाव आधी कोणी घ्यायचा, हे कलमवार लिहिलेले असते.

मानपान हा शब्द आपण आता लग्नातल्या रुसव्याफुगव्यांपुरता ठेवला आहे. वतनाच्या जगात तो जमिनीइतकाच ठोस होता. पोळ्याच्या दिवशी गावच्या आखरावर तोरण बांधतात, बैलजोड्या ओळीने उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, आणि मानाची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय बाकीच्या हलत नाहीत. ज्याची जोडी पहिली, त्याचे वतन गावाने मान्य केले. एखाद्या वर्षी धाकट्या शाखेची जोडी पुढे गेली तर तो सण राहत नसे. त्याचा दावा होई, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चाले. चांभाराने वर्षाला जोडा द्यायचा, तेल्याने तेल, माळ्याने भाजी, हे हक्कही तसेच. वस्तू क्षुल्लक वाटते, पण ती थांबली की हक्क थांबला, आणि हक्क थांबला की उद्या वतनावर दुसरा उभा राहणार.

असे तंटे गोतसभेत जात. तिचा निवाडा ज्या कागदावर लिहीत तो महजर. हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो एकदा तरी पाहावा. लांबच लांब कागद एकाखाली एक चिकटवलेले, सांध्यावर शिक्के, वर सरकारी अंमलदार आणि देशमुख-देशपांड्यांची नावे, खाली गावोगावचे पाटील आणि त्यांच्याही खाली बलुतेदार. लिहिता न येणाऱ्याने आपली निशाणी काढायची. पाटलाच्या नावापुढे नांगर, कुंभाराच्या नावापुढे चाक, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, परटाच्या नावापुढे मोगरी. देशमुखी कोणाची याची साक्ष द्यायला कुंभार आणि परीट बोलावले जात होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हुद्दा वरून सनदेने येई, पण टिके तो खालच्या साक्षीवर. आणि ज्यांच्या साक्षीवर तो टिके, त्यांना स्वतःला तो हुद्दा कधीच मिळणार नव्हता.

सेवेचा हुद्दा जन्माचा दर्जा होऊन बसणे जगात एकट्या आपल्याकडे घडलेले नाही. नॉर्मन येण्याआधीच्या इंग्लंडात थेन नावाचा दर्जा होता. ‘मॅकबेथ’ वाचलेल्यांना त्याचा स्कॉटलंडमधला भाऊबंद माहीत असतो. सुरुवातीला थेन म्हणजे राजाच्या किंवा मोठ्या सरदाराच्या पदरचा माणूस, सेवा करणारा. सेवेबद्दल जमीन मिळाली, जमिनीबरोबर लढाईला जाण्याची आणि न्यायसभेत बसण्याची जबाबदारी आली, आणि हळूहळू तो जन्माचा दर्जा झाला. माणूस मारला गेला तर मारणाऱ्याने किती भरपाई द्यायची याचे तिथे दर ठरलेले होते : साध्या शेतकऱ्यासाठी, म्हणजे चर्लसाठी, २०० शिलिंग आणि थेनसाठी १२००. अकराव्या शतकाच्या आरंभीचा, यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याच्याशी जोडला जाणारा एक मजकूर सांगतो, की चर्ल भरभराटीला आला, त्याच्याकडे पाच हाइड जमीन, चर्च, स्वयंपाकघर, घंटाघर, वाड्याचा दरवाजा आणि राजाच्या दरबारात काही नेमून दिलेले काम असले, तर तो थेनच्या हक्काला पात्र ठरतो. दरवाजा आणि दरबारातले काम ही दोन कलमे वाचताना वऱ्हाडी माणसाला गढी आठवल्याशिवाय राहत नाही. गावच्या पांढरीवर उंच उचललेली मातीची गढी, तिचा दगडी दरवाजा, आणि कचेरीत बसायची ठरलेली जागा. दर्जा डोळ्यांना दिसावा लागतो, हे दोन्हीकडे सारखेच कळलेले होते.

पुढचा रस्ता मात्र वेगळा झाला. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर विल्यमने थेनांच्या जमिनी आपल्या नॉर्मन सोबत्यांना वाटल्या. १०८६ च्या डूम्सडे बुकात जुने मालक बहुतेक ठिकाणी ‘पूर्वीचे’ म्हणूनच आले आहेत. एका पिढीत तो दर्जा संपला. आपल्याकडे दिल्ली बदलली, दौलताबाद बदलले, तरी वतनदार उपटला गेला नाही. कारण त्याच्याशिवाय वसूल होत नसे. सिंदखेडचे लखुजी जाधव निजामशाहीचे मोठे सरदार होते, सिंदखेडची देशमुखी घरात होती, आणि १६२९ मध्ये देवगिरीवर दरबारातच त्यांचा मुलांसह खून झाला. सरदारी अशी एका दिवसात जाऊ शकत होती. वतनाची मुळे मात्र गावात असत. जिजाऊंचे माहेर देशमुखांचे होते हे आपण अभिमानाने सांगतो. त्या घरात त्यांनी वतनदारीचे बळ आणि तिचा उन्मत्तपणा, दोन्ही जवळून पाहिले असणार.

शिवाजी महाराजांचे वतनदारांशी असलेले नाते या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि ते एका वाक्यात मावणारे नाही. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा कारीच्या कान्होजी जेधे देशमुखांनी वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू घेतली. त्या काळी वतनावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे वरचा मानपानाचा मजकूर वाचलेल्याला कळेल. त्याच महाराजांनी देशमुखांचे हक्क बांधून दिले, आणि त्यांचे कोट-हुडे पाडून त्यांना साध्या घरात राहायला लावले, असे बखरकार सभासद सांगतो. महाराजांनी सरदेशमुखीचा, म्हणजे वसुलातल्या दहाव्या हिश्श्याचा, हक्क स्वतःसाठी सांगितला, हेही विसरता येत नाही. छत्रपती झाला तरी वतनाची भाषा त्यालाही बोलावी लागली, कारण लोकांना हक्काची तीच भाषा कळत होती. राजाराम महाराजांच्या काळात, औरंगजेब दक्षिणेत तळ ठोकून असताना, माणसे आपल्या बाजूला राहावीत म्हणून वतने पुन्हा मोकळ्या हाताने द्यावी लागली. रामचंद्रपंत अमात्यांची ‘आज्ञापत्रे’ या अनुभवातूनच वतनदारांना राज्याचे छोटे छोटे वाटेकरी समजून सावध राहायला सांगतात. मुलूख पोसणारा तोच आणि राज्य पोखरणाराही तोच, हे अमात्यांइतके स्वच्छ कोणी पाहिले नाही.

वऱ्हाडात हा तिढा दुहेरी झाला. १७१९ च्या बादशाही सनदांनी चौथ आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली, आणि १७२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मुबारीजखानाला हरवून दख्खन आपल्या हाती घेतली. त्यानंतर कित्येक वर्षे एकाच गावात निजामाचा आणि नागपूरच्या भोसल्यांचा असा दोअमल चालला. दोन मालकांना तोंड देणारा देशमुख दोघांनाही लागे, आणि दोघांपासून थोडे थोडे लपवूनही ठेवी. १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगडच्या पराभवांनंतर देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा हिस्सा गेला. मग निजामाच्या तालुकदारांनी परगणे इजाऱ्याने द्यायला सुरुवात केली. पुरणमलसारखे सावकार वसुलाचे मालक झाले. देशमुखाने इजारा घेतला तर तो कुळाला पिळणार, नाही घेतला तर त्याच्या डोक्यावर सावकार बसणार. या पन्नास वर्षांत कितीतरी गावे ओस पडली. देशमुखांच्या नावाने आज ज्या वाईट आठवणी गावात सांगितल्या जातात, त्यातल्या पुष्कळ या काळातल्या असाव्यात.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्यांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेताशेताची मोजणी केली आणि सारा थेट खातेदाराकडून घ्यायचे ठरवले. गावात पाटील आणि पटवारी ठेवले, परगण्यातला मधला माणूस काढला. देशमुख-देशपांड्यांचे काम इथे संपले. काहींना नेमणूक मिळाली, काहींची इनामे चौकशी होऊन राहिली, बाकीचे शेतकरी झाले.

या पुस्तकाचे मुख्य म्हणणे इथून सुरू होते, आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. काम गेल्यावर दर्जा विरघळायला हवा होता. तो उलट घट्ट झाला. परगण्याचा हिशेब हातात होता तोवर देशमुखाला देशमुखपण कामाने सिद्ध करावे लागे. काम गेल्यावर ते फक्त सोयरिकीने सिद्ध करता येऊ लागले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात वऱ्हाडातले देशमुख म्हणजे कुणब्यांतून हुद्द्याने वर आलेली आणि मग आपसातच लग्ने करू लागलेली घराणी, असे वर्णन येते. मुलगी कोणाकडून करायची आणि कोणाकडे द्यायची, पंगतीला कोणाच्या शेजारी बसायचे, यावर हुद्दा जगू लागला. ही प्रक्रिया आधीपासून चालू असेल, पण तिला धार आली ती कचेरीचा दरवाजा बंद झाल्यावर. आणि तिची किंमत सर्वांत जास्त मोजली ती घरातल्या बायकांनी. पडदा, पाळत, बरोबरीचे घर मिळत नाही म्हणून लांबलेली किंवा कुठेतरी उरकलेली लग्ने, यांचा हिशेब कोणत्याही गॅझेटियरात नाही.

आता या विषयाचा अभ्यास आजवर कोणी कसा केला ते पाहू. पहिली फळी इंग्रज अंमलदारांची. ग्रँट डफचा इतिहास १८२६ चा, लायलचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे. त्यांना वसूल हवा होता, म्हणून वतन त्यांना वसुलाच्या खिडकीतून दिसले. तरीही लायलची नजर बारीक होती. दुसरी फळी आपल्या कागदवेड्या संशोधकांची. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि वाड्यांच्या माळ्यावरचे रुमाल उजेडात आले. त्यांचे ऋण न फिटणारे आहे. पण घराण्याचा कागद घराण्याच्याच बाजूने बोलतो, याची जाणीव त्यांच्यातल्या सर्वांनाच सारखी नव्हती. आमच्या जिल्ह्याचे यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून या प्रांताला स्वतःची गोष्ट दिली. बुलढाण्याच्या माणसाने तो ग्रंथ आजही घरात ठेवावा.

तिसरी फळी विद्यापीठांतली. वि. त्र्यं. गुणे यांनी महजरांवरून न्यायपद्धती उभी केली, अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकाळातली गावे आणि वतने तपासली, हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी या जपानी अभ्यासकांनी मराठी कागद वाचून बलुतेदारीचे कितीतरी रूढ समज दुरुस्त केले. फ्रँक पर्लिन यांनी मसूरच्या जगदाळे देशमुखांच्या कागदांवरून दाखवले, की अशी घराणी एकाच गावात बसून नव्हती, ती चहूकडे हक्क गोळा करत होती. आंद्रे विंक यांनी फितव्याकडे राज्यकारभाराची रीत म्हणून पाहिले. त्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. ज्याच्या गावावरून फौज गेली त्याला फितवा ही रीत वाटली नसणार. लक्ष्मण सत्य यांचा वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचा १९९७ चा ग्रंथ इंग्रजी अमलानंतरचा काळ समजून घ्यायला फार उपयोगी आहे.

चौथी फळी खालून पाहणाऱ्यांची, आणि मला ती सर्वांत जवळची. महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुळकर्ण्याच्या लेखणीखाली चिरडलेला शेतकरी दाखवला. त्रि. ना. आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ चा. गावच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाणाऱ्यांनी तो आधी वाचावा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाबाबत विधेयक आणले. वतन एकाच्या नावावर आणि राबायचे सगळ्या कुटुंबाने, तेही तुटपुंज्या बलुत्यावर, दिवसरात्र, ही गुलामी आहे, हे त्यांनी मांडले. देशमुखाचे वतन मान होते आणि महाराचे वतन बेडी होती. शब्द एकच, कायदा एकच, आणि अनुभव इतके विरुद्ध. वतनावरचे कोणतेही पुस्तक या दोन टोकांना एकत्र धरल्याशिवाय पुरे होत नाही.

कायद्याने हे सगळे टप्प्याटप्प्याने संपले. मुंबई राज्यात परगणा व कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. गावात तलाठी आला, पुढे १९६७ च्या कायद्याने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. तो कोणत्याही जातीचा असू शकतो, बाईही असू शकते. ज्यांच्या आजोबांना पाटलाच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती, त्यांची नात आज पोलीस पाटलाच्या खुर्चीवर बसू शकते, ही गोष्ट गेल्या चारशे वर्षांतल्या सनदांहून मला मोठी वाटते.

मग हे पुस्तक आज कशासाठी? एक कारण रोजच्या वर्तमानपत्रात आहे. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधणे सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासननिर्णय निघाला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने रकान्यात कुणबी लिहिले की मराठा, यावर आज पोरांची फी आणि नोकरी ठरते आहे. वऱ्हाडात हा प्रश्न मराठवाड्याइतका पेटला नाही, कारण इथला शेतकरी फार आधीपासून स्वतःला कुणबी म्हणून नोंदवत आला. त्याचे श्रेय वऱ्हाडात सर्वत्र डॉ. पंजाबराव देशमुखांना दिले जाते. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम आणि हुद्दा देशमुखीचा. हुद्द्याचे नाव लावूनही त्यांनी लोकांना आपली ओळख नांगराशी जोडायला सांगितली. हुद्दा, जात आणि आडनाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या काळात एकमेकींना चिकटल्या, एवढे जरी वाचकाला उमगले तरी आजच्या भांडणातली निम्मी धग कमी होईल.

या पुस्तकाने घराण्यांच्या कैफियती छापलेल्या नाहीत, आणि कोणा घराण्यावर खटलाही भरलेला नाही. लेखकांनी मोताळा, मलकापूर, सिंदखेडराजा या पट्ट्यातल्या हुद्द्यांकडे तीन अंगांनी पाहिले आहे : काम काय होते, उत्पन्न कोठून येत होते, आणि ते देणारा कोण होता. तिसऱ्या प्रश्नाला जास्त पाने दिली आहेत, ते मला योग्य वाटते. जिथे कागद मुका आहे तिथे गढ्यांचे अवशेष, सणांतले क्रम, शेतांची नावे आणि वृद्ध माणसांच्या आठवणी वापरल्या आहेत, आणि आठवण कोणती व पुरावा कोणता हे वेगळे राखले आहे. उणीव एकच राहते. देशपांड्यांच्या दप्तरांपैकी फार थोडी हाती लागली, आणि परगण्याचा खरा हिशेब त्यांच्याकडेच होता.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. आपल्या भागात गढ्या ढासळताहेत, त्यांची पांढरी माती घरे लिंपायला जाते, आणि माळ्यावरचे रुमाल घर पाडताना रद्दीत निघतात. मोडीतला एखादा कागद घरात असेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, चिकटपट्टीने जोडू नका, सुती फडक्यात सपाट ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवून त्याची छायाचित्रे काढून घ्या. कागद देशमुखाच्या घरचाच हवा असे नाही. इनामाचा, गहाणखताचा, बलुत्याच्या भांडणाचा, जागल्याच्या नेमणुकीचा, कोणताही चालेल. बलुतेदारांच्या घरचे कागद तर आधी पाहायला हवेत, कारण आजवर त्यांच्याकडे कोणी मागितलेच नाहीत.